मार्टिनीतलं पाणी

मार्टिनी या कॉकटेलची कृती विचारा, बहुतेक जण दोनच नावं घेतील: जिन आणि ड्राय व्हर्मूथ, म्हणजे वनस्पती-मसाल्यांचा वास दिलेली कोरडी वाइन. माणूस हौशी असेल तर ऑरेंज बिटर्सचे, म्हणजे संत्र्याच्या कडू अर्काचे, दोन थेंब सांगेल, वर लिंबाची साल घालायची की ऑलिव्ह यावर तावातावाने बोलेल. पाण्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. आणि तरीही नीट ढवळलेल्या मार्टिनीच्या पेल्यात जवळजवळ चौथा हिस्सा पाणी असतं, बर्फातून उतरलेलं. व्हर्मूथपेक्षाही जास्त.

दारूत पाणी म्हटलं की लबाडीची शंका येते. मार्टिनीवाल्यांना तर विशेषच. त्यांची सगळी ऐट ‘कडक’ या शब्दावर उभी. व्हर्मूथ किती कमी घातलं, जिन किती निव्वळ ठेवली, यावर पिणाऱ्याची लायकी ठरते. मला ही ऐट कधी पटली नाही. मार्टिनी जमते ती पाण्यामुळे आणि व्हर्मूथमुळे. आणि गेली शंभरेक वर्षं लोक नेमक्या याच दोन गोष्टी तिच्यातून हाकलायला निघालेत.

थोडा हिशेब मांडतो. 60 मिलि जिन घेतली, 40 टक्के अल्कोहोलची. त्यात 15 मिलि ड्राय व्हर्मूथ, साधारण 18 टक्क्यांचं. झालं 75 मिलि मिश्रण, अल्कोहोल 36 टक्क्यांच्या आतबाहेर. खोलीच्या तापमानाला ते तसंच घोटभर घेतलं तर जीभ चुरचुरते, नाकात दारूचा नुसता भपका जातो आणि जिनमधला मसाला कुठे लपलाय ते कळतच नाही. आता त्यात बर्फ पडतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना आजूबाजूची 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेयाला गारवा येतो तो मुख्यतः या वितळण्यामुळे. बर्फ नुसता अंगाला लागल्याने फार काही होत नाही. 22 अंशांवरचं हे मिश्रण उणे 4 पर्यंत उतरवायचं तर वीस-बावीस ग्रॅम बर्फाला वितळावंच लागतं. मिक्सिंग ग्लासची स्वतःची ऊब घालवायला आणखी थोडा जातो. म्हणजे झालं पंचवीसेक मिलि पाणी. पेल्यात उतरतं ते 100 मिलि, आणि त्यातलं अल्कोहोल 27 टक्क्यांच्या जवळ.

शून्य अंशावरचा बर्फ एखाद्या पेयाला उणे 4 पर्यंत कसा नेतो, हे पहिल्यांदा ऐकताना खोटं वाटतं. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतात ना, तीच युक्ती. अल्कोहोलमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. त्यामुळे शून्याच्या खाली गेलं तरी बर्फ वितळायचा थांबत नाही, आणि वितळताना लागणारी उष्णता तो त्याच पेयातून काढत राहतो. गार होणं आणि पातळ होणं ही दोन कामं निसर्गाने एकाच गाठीत बांधलेली आहेत. ‘गार हवी पण पाणी नको’ असं बर्फाला सांगता येत नाही.

आणि का सांगायचं? जिनचा वास ज्या तेलांमध्ये असतो ती पाण्यात विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. जिनचा मुख्य मसाला म्हणजे जुनिपर या झुडपाचं फळ. त्यातलं पायनीन घ्या, पाइनच्या झाडाला जो ओला, राळेसारखा वास येतो तो त्याचाच. अल्कोहोल भरपूर असतं तेव्हा ही तेलं त्यात सुखाने मुरून बसतात. पाणी वाढलं की त्यांची जागा आक्रसते आणि ती वर, हवेत, नाकाकडे निघतात. तेलं फारच भरलेली असतील तर काही जिन पाणी पडताच किंचित धुरकटही होतात. तेव्हा पाण्याने जिनचा जोर उतरतो हे खरं, पण तिचा दरवळ खुलतो तोही त्याच पाण्याने. ही देवाणघेवाण बारटेंडर लोक ‘डायल्यूशन’ या एका रुक्ष शब्दात उरकून टाकतात.

जिनचं म्हणाल तर मार्टिनीत तिला लपायला जागा नाही. टॉनिक नाही, साखर नाही, लिंबाचा रस नाही. युरोपीय कायद्याप्रमाणे जिनमध्ये किमान 37.5 टक्के अल्कोहोल हवं आणि चवीत जुनिपर वरचढ हवं. ‘लंडन ड्राय’ हे प्रकाराचं नाव. ती लंडनमध्येच बनायला हवी असं नाही. सगळा मसाला उर्ध्वपातनाच्या वेळीच आत गेला पाहिजे, नंतर वरून चव किंवा रंग घालता येत नाही, साखर फार तर नावाला, एवढाच त्याचा अर्थ. जुनिपरच्या जोडीला धणे आणि अँजेलिकाचं मूळ हे जवळजवळ ठरलेलेच. मग कुणी लिंबा-संत्र्याची साल घालतं, कुणी आयरिसचं मूळ, कुणी दालचिनी, कुणी वेलदोडा. धण्यांची कामगिरी मोठी असते. जिनमध्ये जो लिंबासारखा झुळझुळीत वास येतो, तो पुष्कळदा लिंबाचा नसतोच, धण्यांचा असतो.

मार्टिनीसाठी मी 43 ते 47 टक्क्यांची, जुनिपर ठणठणीत असलेली जुन्या वळणाची जिन घेतो. कारण पुन्हा पाणीच. 37.5 ची जिन बर्फाबरोबर ढवळून निघाली की तिचा कणा मोडतो. काकडी, गुलाब, बेरी असल्या नाजूक वासांच्या नव्या जिन टॉनिकबरोबर छान लागतात, पण मार्टिनीत त्या गोंधळून गेल्यासारख्या वाटतात. हे माझं मत. त्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील.

आता व्हर्मूथ. या बिचाऱ्याची बाजू घ्यायला कुणी नाही, म्हणून जरा सविस्तर.

1880च्या दशकातल्या अमेरिकी बारटेंडरांच्या पुस्तकांत ‘मार्टिनेझ’ नावाचं पेय सापडतं, मार्टिनीचं पूर्वज म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. त्यात व्हर्मूथ गोड आणि लाल, तेही सढळ हाताने. मार्टिनी हे नाव कशावरून आलं याच्या चार-पाच कथा आहेत, प्रत्येक गाव आपलीच खरी म्हणतं. त्या सोडून देऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोड व्हर्मूथची जागा फ्रेंच पद्धतीच्या कोरड्या, फिकट व्हर्मूथने घेतली आणि ड्राय मार्टिनी उभी राहिली. त्या वेळी ती एकास एक किंवा दोनास एक अशी बनायची. पुढे प्रमाण सरकत गेलं. तीनास एक, पाचास एक, आठास एक. शतकाच्या मध्याला तर व्हर्मूथ कमी करण्याची चढाओढच लागली. कुणी अत्तरासारखं फवारायचं, कुणी ग्लासात विसळून ओतून द्यायचं, कुणी म्हणायचं बाटलीकडे नुसतं बघा, पुरे. 1966 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ड्राय मार्टिनीचं एक ‘अधिकृत मानक’ काढलं, के 100.1 असा रीतसर क्रमांक देऊन. सगळा थट्टेचा मामला, पण त्यातलं प्रमाण पाहण्यासारखं आहे: 16 भाग जिनला एक भाग व्हर्मूथ, आणि तेही जास्तीत जास्त. थट्टा चालली, कारण लोक खरोखरच तिथवर पोचले होते.

मला या प्रवाहाच्या उलट बसलेला एक माणूस आवडतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मद्यबंदी 1933 मध्ये उठली ती त्यांच्या कारकिर्दीत, आणि संध्याकाळी पाहुण्यांसाठी स्वतःच्या हाताने कॉकटेल करणं हा त्यांचा आवडता विरंगुळा होता. 1943च्या तेहरान परिषदेत त्यांनी स्टालिनलाही मार्टिनी पाजली. तिथे दुभाषी असलेल्या चार्ल्स बोलन यांनी तिची कृती लिहून ठेवलीय: बर्फ घातलेल्या सुरईत गोड आणि कोरडं अशी दोन्ही व्हर्मूथ भरपूर, आणि जिन त्याहून कमी. चाखल्यावर स्टालिनचा अभिप्राय असा की ठीक आहे, पण पोटाला गार पडते. रूझवेल्टच्या मार्टिनीची जाणकारांनी पुष्कळ टवाळी केलीय. मला मात्र ती वाईट लागली असेल असं वाटत नाही. फार तर जुन्या काळातली लागली असेल.

व्हर्मूथ नकोसं का झालं याची दोन कारणं सांगितली जातात: मद्यबंदीनंतर चांगली जिन पुन्हा मिळू लागली, आणि कडक पिणं मर्दानी मानलं गेलं. असेलही. माझा संशय वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो फार साधा आहे. व्हर्मूथ खराब होतं. व्हर्मूथ म्हणजे मुळात वाइन. युरोपात त्यात किमान 75 टक्के वाइन असायलाच हवी. तिला औषधी वनस्पती आणि मसाल्यांचा वास देतात, त्यांत अर्टेमिसिया गटातली कडू वनस्पती हवीच, आणि थोडं अल्कोहोल घालून ती टिकाऊ करतात. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. उघडलेली बाटली हवेच्या संपर्काने उतरत जाते. फ्रीजमध्ये, बूच घट्ट लावून, महिना-दीड महिना ती बऱ्या अवस्थेत राहते. बाहेर, बारच्या मागच्या फळीवर, दिव्याच्या उजेडात ठेवली तर तिच्यातली फुलं आणि फळं सगळी जातात. उरतं ते शिळं, आंबूस, पुठ्ठ्यासारखं काहीतरी. असं व्हर्मूथ ज्याच्या पेल्यात पडलं, त्याने पुढच्या वेळी ‘कमी घाला’ म्हटलं तर त्याचं काय चुकलं? आणि मागणी कमी म्हणून बाटली आणखी रेंगाळणार, आणखी बिघडणार. चक्र पूर्ण.

गंमत अशी की फ्रेंच ड्राय व्हर्मूथची ओळखच हवेशी आणि उन्हाशी असलेल्या जुन्या सलोख्यावर उभी आहे. दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयां गावात नुआली प्रा या कंपनीच्या मोकळ्या आवारात ओकच्या पिंपांमधली वाइन वर्षभर उघड्यावर ठेवतात. ऊन, थंडी, समुद्रावरचा वारा, सगळं तिला लागतं. त्यामुळे तिला बदामासारखी, किंचित खारवलेली अशी एक चव येते. म्हणजे हवा तिला आधीच पुरेशी मिळालेली असते, मोजून मापून. तुमच्या फळीवर नव्याने द्यायची गरज नाही.

ताज्या बाटलीतलं व्हर्मूथ एकदा नुसतं चाखून बघावं. फ्रीजमधून काढून, छोट्या ग्लासात, दुसरं काही न घालता. किंचित कडवट, किंचित फुलांसारखं, मागे द्राक्षाची आंबट ओल. हे घोटभर घेतल्यावर ‘यातले तीनच थेंब’ म्हणायचं कुणाच्या मनात येईल? जिनमध्ये मिसळलं की ते जुनिपरच्या टोकदार वासाला बूड देतं, आणि वाइनचा आंबटपणा धण्यांच्या झुळझुळीला उचलून धरतो. नुसत्या थंडगार जिनला पहिल्या घोटात दिमाख असतो. तिसऱ्या घोटाला ती एकाच सुरात बोलत असते. म्हणून मी व्हर्मूथ तीनास एकपेक्षा कमी सहसा घालत नाही. 45 मिलि जिन, 15 मिलि व्हर्मूथ. पेला छोटा, पण त्याची कारणं पुढे येतील.

ढवळण्याबद्दल. सिनेमातल्या त्या सुटाबुटातल्या गुप्तहेराने शेक करायला सांगितलं आणि जगभर तेच बरोबर मानलं गेलं. शेकरमध्ये बर्फ आपटतो, फुटतो, दहा-बारा सेकंदांत पेय गारही होतं आणि पातळही. शिवाय त्यात हवेचे बुडबुडे आणि बर्फाची कणी मिसळते. लिंबूरस असलेल्या पेयांना ते शोभतं, त्यांना फेस आणि हलकेपणा हवाच असतो. मार्टिनीचं सुख तिच्या पोतात आहे: जड, गुळगुळीत, जिभेवरून सरकणारी. शेक केलेली मार्टिनी ढगाळ दिसते आणि जिभेला खडबडीत लागते. पाप नाही ते, पण पोत गेला.

ढवळायला लांब दांड्याचा बार स्पून हवा, नसेल तर लांब चमचा. चमच्याची पाठ ग्लासच्या भिंतीला टेकवायची आणि सगळा बर्फ एकसंध फिरवायचा. खळखळाट झाला तर समजावं की आपण घाई करतोय. बर्फाचे मोठे, कोरडे तुकडे घ्यावेत. भुगा किंवा पाणी सुटलेला बर्फ घेतला तर गारवा यायच्या आधीच पाणी येतं, कारण वर चिकटलेलं ते पाणी वितळून झालेलंच असतं, त्याने गार काही होत नाही. या गणितात पाणी हवं ते गारव्याची किंमत म्हणून आलेलं, फुकटचं नव्हे. किती वेळ ढवळायचं? पुस्तकं तीस सेकंद सांगतात. बर्फाच्या आकारावर ते अर्धं किंवा दुप्पट होऊ शकतं. घड्याळापेक्षा चमच्याने एक थेंब जिभेवर टाकून बघावा. आधी जळजळ असते. मग जळजळ जाते पण चव आवळलेली असते. मग एक क्षण येतो जेव्हा ती मोकळी होते. तिथे थांबायचं. त्यापुढे आणखी ढवळलं की ती पाणचट होत जाते. ही हद्द हाताला सवयीने कळायला लागते, आणि कॉकटेल बनवण्यातला खरा आनंद मला तरी याच अर्ध्या मिनिटात मिळतो, पिण्याच्या आधी.

या सगळ्याला छेद देणारी एक मार्टिनीही आहे, आणि तिला टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. लंडनमधल्या ड्यूक्स हॉटेलच्या बारमध्ये जिन फ्रीझरमध्ये ठेवतात. गोठवलेल्या ग्लासात व्हर्मूथ नुसतं लावल्यासारखं, वर ती साखरपाकासारखी दाट झालेली जिन सरळ ओततात, लिंबाची साल. बर्फ नाही, ढवळणं नाही, पाण्याचा थेंब नाही. जगातल्या नामांकित मार्टिन्यांत तिची गणना होते. पहिला घोट म्हणे रेशमासारखा जातो, आणि का जाणार नाही? उणे 18 अंशांवर जीभ इतकी बधिर होते की अल्कोहोलची जळजळ तिला कळत नाही. पण पेला गरम होऊ लागला की मागे उरते ती 40च्या वरची, पाणी न पडलेली जिन. तिथे एका गिऱ्हाइकाला दोनच मिळतात, ही त्या बारची शिस्त त्या पेयाबद्दल सगळं सांगून जाते.

फ्रीझरचा मधला मार्ग मला जास्त आवडतो. जिन, व्हर्मूथ आणि पाणी तिन्ही आधीच मापून एका बाटलीत घालायचं आणि बाटली गार करायची. इथे पाणी उघडपणे कृतीत येतं, चोरपावलांनी नाही. फक्त सावध राहावं लागतं: 40 टक्क्यांची जिन घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, पण 30 टक्क्यांचं मिश्रण उणे 15च्या आसपास बर्फाची कणी धरायला लागतं. म्हणून पाणी थोडं हात राखून घालावं, किंवा बाटली रात्रभर न ठेवता पिण्याआधी काही वेळच आत ठेवावी. चार माणसं यायची असतील तेव्हा याच्याइतकी सोय नाही. अर्थात ढवळण्याचं ते अर्धं मिनिट त्यात हातचं जातं.

शेवटी साल. लिंबाचा पातळ पिवळा पापुद्रा, आतला पांढरा भाग शक्य तितका टाळून, कारण तो कडू. पिवळी बाजू पेल्याकडे करून दोन बोटांत दाबायची. तेलाचा बारीक फवारा उडतो आणि पेयावर तरंगत राहतो, कारण 27 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये तो विरघळत नाही. प्रत्येक घोटाला नाक आधी त्याच्यातूनच जातं. साल आत टाकावी की नाही यावर मी वाद घालत नाही. ऑलिव्हवर घालतो. ऑलिव्ह चांगला असला तरी त्याच्या खारवणीचे थेंब मार्टिनीला दुसरीकडेच घेऊन जातात. ज्यांना ते आवडतं त्यांनी दोन ऑलिव्ह आणि चमचाभर खारवणी घालून ‘डर्टी’ प्यावी, पण मग भारी जिन घेण्याचा खर्च करू नये.

आणि छोट्या पेल्याची कारणं. एक तर तापमान. त्रिकोणी, पसरट मार्टिनी ग्लास चित्रात देखणा दिसतो, पण तोंड रुंद असल्याने त्यात पेय लवकर तापतं आणि जरा हात हलला की सांडतं. लहान, खोलगट, दांड्याचा ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवलेला असावा. पेय पंधरा-वीस मिनिटांत संपावं एवढंच असावं. कोमट मार्टिनीचा शेवटचा तिसरा भाग कुणाचंही मत बदलू शकतो. दुसरं कारण सरळ आहे. वर हिशेब केलेल्या 60 आणि 15च्या मार्टिनीत जवळजवळ 21 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 5 टक्के बिअरची 330 मिलिची एक बाटली म्हणजे 13 ग्रॅम. गार आणि गुळगुळीत असल्याने हा फरक पिताना कळत नाही, उठताना कळतो.

म्हणूनच अलीकडे मी पुन्हा जुन्या प्रमाणाकडे वळलोय. 35 मिलि जिन, 35 मिलि ड्राय व्हर्मूथ, ऑरेंज बिटर्सचे दोन थेंब, मोठा बर्फ, लिंबाची साल. अल्कोहोल सोळाएक ग्रॅम. व्हर्मूथमध्ये निम्म्याहून बरंच अधिक पाणी असतंच, त्यामुळे ढवळणं जरा लवकर थांबवावं लागतं. चवीला ही मार्टिनी मवाळ वाटेल अशी धास्ती होती, पण ती कडवट, फुलांच्या वासाची आणि चांगली धारदार निघते. बिटर्समधलं संत्रं जिन आणि वाइन या दोघांना एकत्र शिवून टाकतं. व्हर्मूथची बाटलीही शिळी व्हायच्या आत संपते. कट्टर ड्रायवाले याला मार्टिनी म्हणायला तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी फ्रीझरमध्ये जिन असतेच.